मेलेलं माकड नेमकं कोणाच्या खात्यात येतं? तीन खात्यांना एक खुलं पत्र

प्रति,
आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे साहेब आणि मॅडम,
महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

हे पत्र कोणाला लिहायचं यातच माझे दोन दिवस गेले, शेवटी म्हटलं तिघांना मिळून एकच लिहू, ज्याच्या हाती आधी पडेल त्याने वाचावं आणि बाकी दोघांकडे पुढे ढकलावं. पुढे ढकलायची सवय तशी आहेच.

मी दोडामार्ग तालुक्यातला काजूवाला. बारा वर्षं मुंबईत नोकरी केली आणि मग कंटाळून गावी आलो, चार एकर काजू आहे, थोडी सुपारी, आणि आईच्या हट्टापायी दोन गुरं. यंदा फेब्रुवारीत बागेत बी वेचायला गेलो तर वरच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी बांधाजवळ, पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पाचोळ्यात, एक माकड पडलेलं. लाल तोंडाचं, ज्याला आमच्याकडे केलडी म्हणतात ते. अंगावर कुठे जखम नाही, कुत्र्याने फाडलेलं नाही, विजेच्या तारा तिथून लांब आहेत, म्हणजे शॉक पण नाही. नुसतं झोपल्यासारखं. मी अजून दहा पावलं लांब होतो तेवढ्यात मागून आई ओरडली, "त्येका हात लावलंस तर बघ!" आई चौथी शिकलेली आहे पण २०१६ चा माकडतापाचा सीझन तिने बघितलाय, त्यामुळे मेलेलं माकड म्हणजे काय हे तिला कोणी समजवावं लागत नाही.

मी फोन लावायला सुरुवात केली. कोणत्या ऑफिसातून काय उत्तर आलं ते इथे लिहीत नाही, माझं भांडण कुणा क्लार्कशी नाही, तो बिचारा दुसऱ्याच्या टेबलाचा फोन उचलत होता. पण थोडक्यात सांगायचं तर सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन मी पाच नंबर फिरवले, प्रत्येकाने मला पुढचा नंबर दिला, आणि पाचव्याने जो नंबर दिला तो पहिलाच होता. मधे एकाने अगदी प्रेमाने सल्ला दिला की वास यायच्या आत पुरून टाका. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर माकड जागेवर नाही, रात्री काहीतरी ओढून घेऊन गेलं, कोल्हा म्हणा बिबट्या म्हणा. झालं, विषय संपला. म्हणजे तुमच्यासाठी संपला. माझ्यासाठी तिथून सुरू झाला, कारण माकड गेलं तरी त्याच्या अंगावरच्या गोचिडी कुठे गेल्या हा प्रश्न राहतोच ना.

आता तुमच्यापैकी ज्यांचं पोस्टिंग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, बाकीच्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. माकडताप, पुस्तकात ज्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात, केएफडी. १९५७ मधे कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि त्याच भागात माणसं तापाने आडवी व्हायला लागली. आधी सगळ्यांच्या पोटात गोळा आला की हा यलो फीव्हर तर नाही, कारण तोही माकडात असतो आणि भारतात तो कधीच नव्हता. पुण्याहून व्हायरस रिसर्च सेंटरची टीम गेली, तेच जे आज एनआयव्ही, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, म्हणून सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांनी मेलेल्या माकडापासून व्हायरस वेगळा काढला. नवाच निघाला. तिथले लोक मात्र त्याला सरळ मंगन कायिले म्हणतात, मंग म्हणजे माकड आणि कायिले म्हणजे आजार, इतकं साधं.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा व्हायरस रशियात गोचिडीतून पसरणाऱ्या एका मेंदूज्वराच्या व्हायरसचा नातेवाईक निघाला, मग प्रश्न पडला की सैबेरियातलं पाव्हणं शिमोग्यात कसं पोचलं, तर कोणीतरी म्हणालं थंडीत येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडीतून आलं असेल. त्यातून बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, पक्षीतज्ञ सलीम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम सुरू केलं, जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली. पक्ष्यांनी हा व्हायरस आणला हे काही सिद्ध झालं नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या येण्याजाण्याबद्दल त्यातून जे कळलं ते आजही कामाला येतं. माकड मेलं शिमोग्यात आणि अभ्यास झाला पक्ष्यांचा. ते लोक निदान माकड मेलं म्हणून हलले तरी.

पुढची पन्नासेक वर्षं हा आजार कर्नाटकातच फिरत राहिला, आधी शिमोगा, मग आजूबाजूचे जिल्हे. २०१२ च्या शेवटी बंदीपूरच्या जंगलात माकडं मेली, आणि ती मेलेली माकडं उचलून जाळायचं काम ज्यांनी केलं त्यांच्यातल्याच लोकांना ताप आला. म्हणून म्हणतो, "पुरून टाका" हा सल्ला फोनवर द्यायचा नसतो. मग केरळात वायनाड, मग २०१५ मधे गोव्यात सत्तरी तालुक्यात, तिथे काजू गोळा करणारे लोक आजारी पडले. सत्तरी म्हणजे आमच्यासाठी परदेश नाही, आमच्या मुली तिथे दिल्यात, त्यांच्या आमच्याकडे आल्यात. २०१६ मधे आमचा दोडामार्ग, आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे.

त्या २०१६ च्या सीझनला आमच्या शेजारचे काका आडवे झाले. सकाळी बागेत गेलेला माणूस दुपारी कापत घरी आला, डोकं फुटतंय म्हणाला, अंग एवढं दुखत होतं की चादर लागली तरी ओरडायचे. आधी सगळ्यांना वाटलं लेप्टो, कारण सिंधुदुर्गात ताप म्हटलं की लेप्टो नाहीतर डेंग्यू, डोळे लाल, अंगदुखी, सगळं सारखंच दिसतं. रक्त गेलं, रिपोर्ट यायला वेळ लागला, तोपर्यंत काकांच्या हिरड्यातून रक्त यायला लागलं होतं. वाचले ते. पण त्यानंतर कित्येक महिने त्यांना गडगा चढवत नव्हता. शंभरात तीन ते पाच जण दगावतात असं डॉक्टर सांगतात, ऐकायला आकडा लहान आहे, पण वाडीत घरं किती असतात ते बघा आणि मग हिशोब करा.

आता मूळ मुद्दा, व्हायरस एका प्राण्यातून दुसऱ्यात जातो कसा. लोकांना वाटतं माकड चावलं किंवा माकडाने फळ उष्टं केलं की माकडताप येतो. तसं नाही. माकड बिचारं आपल्यासारखंच बळी आहे, उलट आपल्यापेक्षा जास्त मरतं. खरी घरमालकीण गोचीड. ती आयुष्यात फक्त तीन वेळा जेवते आणि तीन वेगवेगळ्या घरी जेवते. पावसाळा संपला की अंड्यातून तिची बारीक पिल्लं निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, खार, माकड, जमिनीवर फिरणारे पक्षी, जे सापडेल त्याला चिकटतात. पोट भरलं की खाली पडतात, कात टाकतात, आणि तिळाएवढ्या गोचिडी होतात, या मधल्या वयाच्या गोचिडी थंडीपासून मे महिन्यापर्यंत पातेऱ्यात बसून असतात आणि माणसाला चावतात त्या याच. शेवटचं जेवण मोठ्या जनावरावर, गाय, म्हैस, गवा, सांबर. मग मादी खाली पडून हजारोंनी अंडी घालते आणि परत पहिल्यापासून. माणूस या सगळ्यात चुकून शिरलेला, आपल्यापासून पुढे कोणाला लागण होत नाही, आपण म्हणजे त्या व्हायरसची बंद गल्ली.

गुरांचं कसं बघा, गाय स्वतः आजारी पडत नाही, माकडतापाचा व्हायरस तिच्या अंगात फारसा वाढत नाही, पण ती गोचिडींची संख्या वाढवते आणि रानातून गोठ्यापर्यंत त्यांना फुकट लिफ्ट देते. म्हणजे माकड वनखात्याचं, गाय पशुसंवर्धनची, ताप आलेला माणूस आरोग्य खात्याचा. आणि गोचीड? गोचीड कोणाची? तिच्या नावाने कुठलंही टेबल नाही आणि सगळा कारभार तीच चालवते.

आणि माकड मेलं की काय होतं, तर अंग थंड पडायला लागलं की सगळ्या गोचिडी उतरतात, जिथे माकड पडलं तिथेच, आजूबाजूच्या पातेऱ्यात. म्हणजे ती जागा हॉटस्पॉट. म्हणून तर सरकारच्याच सूचना आहेत की मेलेल्या माकडाच्या भोवती ५० मीटरपर्यंत औषध मारायचं आणि लोकांना तिकडे जाऊ द्यायचं नाही. सूचना चांगली आहे हो, पण ५० मीटर चारी बाजूला म्हणजे जवळजवळ दोन एकर होतात, काथ्याची दोरी घेऊन मी स्वतः मोजलंय, माझी अर्धी बाग त्यात गेली. ऐन सीझनला अर्धी बाग बंद. हत्तीने माड मोडला तर निदान पंचनामा तरी होतो, इथे पंचनामा करायला माकड सुद्धा शिल्लक नाही.

आता तुम्ही म्हणाल एका माकडाचं एवढं काय. म्हणून आता व्हायरसच्या वंशावळीबद्दल बोलतो, हे सगळं मी नंतर रात्री रात्री बसून वाचलं, चुकलं तर तुमच्याकडे तज्ञ आहेत त्यांनी कान धरावा.

व्हायरसचा सगळा मजकूर म्हणजे साधारण ११ हजार अक्षरांची एक चिठ्ठी, आरएनएची. तो वाढतो म्हणजे त्या चिठ्ठीची नक्कल होते, परत नक्कल, परत नक्कल. जुन्या काळी तलाठी हाताने सातबारा उतरवून द्यायचे तसं, आणि हाताने उतरवलं की चूक होणारच, एकाच्या नावातला काना गेला, दुसऱ्याचा गट नंबर फिरला. आता गंमत अशी की कोणत्या उताऱ्यात कोणती चूक आहे ते बघून तो कोणत्या उताऱ्यावरून उतरवला हे ओळखता येतं. व्हायरसचंही तसंच, वेगवेगळ्या गावातले, वेगवेगळ्या वर्षांचे, माणसातले माकडातले गोचिडीतले नमुने शेजारी ठेवले की कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाचा चुलता हे कळतं.

पुण्याच्या एनआयव्हीने हे केलेलं आहे. १९५७ पासून २००६ पर्यंतचे ४८ नमुने त्यांनी तपासले आणि जवळजवळ पन्नास वर्षांत अक्षरांचा फरक निघाला फक्त सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे हा व्हायरस फ्लूसारखा दर वर्षी कपडे बदलत नाही. गोचिडीत राहणारे व्हायरस बहुतेक असेच संथ, गोचिडीचं आयुष्य लांब, जेवणं मोजकी, घाई कसली. फरकावरून मागे मोजत गेलं तर या सगळ्या नमुन्यांचा सामाईक पूर्वज १९४० च्या दशकातला निघतो, म्हणजे क्यासनूरमधे पहिली माकडं पडायच्या थोडंसंच आधी. आणि सौदी अरेबियात १९९० च्या दशकात याचा एक भाऊ सापडला, अलखुर्मा नावाचा, उंट आणि मेंढ्यांच्या संगतीतला, तो मात्र काही शतकांपूर्वी वेगळा झाला असावा. मधल्या काळात हा व्हायरस कुठे होता, कुठल्या प्राण्यात होता, हे पान गायब आहे. आणि पान गायब का, तर तेव्हा कोणी मेलेलं जनावर तपासलंच नाही.

नंतर २०२० मधे एनआयव्हीचाच अजून एक अभ्यास आला, त्यात २०१७ पर्यंतचे नमुने होते, आमच्या भागातले पण. त्यात दिसलं की व्हायरस कर्नाटकातून गोव्यात आणि महाराष्ट्रात असा वर सरकत आला, गोव्याचे आणि आमचे नमुने एकमेकांच्या जवळचे. वाचून मला एवढा आनंद झाला की आईला उठवून सांगितलं, ती म्हणाली त्यात काय सांगतोस, पुढे खाय जातलो ता सांग. बरोबर बोलली. पुढे कुठे जाणार? दोडामार्गाच्या वर आंबोली, त्याच्या वर राधानगरी, चांदोली, कोयना, सगळा घाट सलग आहे, तीच माकडं, तीच गुरं, तोच पातेरा. आणि नेमकं कोण घेऊन सरकतंय हे अजून नीट कळलेलं नाही. माकडाची टोळी आपला इलाका सोडून फार लांब जात नाही. मग गुरं? पक्षी? गव्यांचे कळप? का आपणच, ट्रकमधून लाकूड आणि गुरं इकडून तिकडे नेणारे? याचं उत्तर चिठ्ठीतच आहे, पण त्यासाठी चिठ्ठ्या गोळा करायला लागतात. हा व्हायरस मुळातच कमी बदलतो, म्हणजे दोन गावांमधला फरक मोजक्या अक्षरांचा, त्यामुळे जितके नमुने जास्त तितकंच चित्र स्पष्ट होणार, चार नमुन्यांवर काही कळत नाही. माझ्या बागेत जे माकड पडलं होतं ती अशी एक चिठ्ठी होती, अकरा हजार अक्षरांची, आणि ती कोल्ह्याने खाल्ली. ते माकडतापानेच मेलं असं मी म्हणत नाही, म्हाताऱ्या वयाने पण मेलं असेल. पण आता ते कधीच कळणार नाही, एवढंच म्हणणं आहे.

हे फक्त माकडाचं नाही. एनआयव्हीच्याच लोकांनी मार्च २०२० मधे महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यात निपाहच्या, म्हणजे वटवाघळातून माणसात येऊ शकणाऱ्या एका जीवघेण्या व्हायरसच्या, अँटीबॉडी मिळाल्या, म्हणजे त्या वटवाघळांचा कधीतरी निपाहशी संबंध आलेला. बातमी आली, चार दिवस टीव्हीवर आरडाओरडा झाला, आणि मग शांत. वटवाघळं तिथेच आहेत, राहूदेत, त्यांच्यामुळे रानात बी पसरतं आणि शेतातले किडे कमी होतात, त्यांना हाकलून किंवा मारून काही होणार नाही, उलट घाबरलेली वटवाघळं जास्त फिरतात. पण दर वर्षी त्यांच्यावर नजर ठेवायचं काम कोणाचं? तसंच २०२४ च्या शेवटी नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, भोपाळच्या लॅबमधे तपासल्यावर बर्ड फ्लू निघाला, एच५एन१. पक्ष्यातला व्हायरस वाघात, बहुतेक खाद्यातून गेला असावा असा संशय होता. २०१८ ला गीरमधे तीन आठवड्यांत वीसच्या वर सिंह मेले तेव्हा कॅनाइन डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा व्हायरस, सापडला. म्हणजे कोंबडी, कुत्रा, वटवाघूळ, माकड, वाघ, माणूस यांच्यामधे व्हायरसला कुंपण नाही, कुंपण आहे ते फक्त तुमच्या तीन खात्यांच्या मधे.

हो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. वन हेल्थ. माणूस, जनावर, पर्यावरण, सगळ्यांचं आरोग्य एकच. नागपूरला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, मी बातमी वाचली, चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. पण नागपूर आमच्यापासून मुंबईपेक्षा लांब. मला नागपूरची इमारत नको, मला एक फोन नंबर पाहिजे. एकच. मेलेलं माकड दिसलं की तो फिरवायचा, पलीकडच्याने फक्त विचारायचं कुठे, कधी, आणि कोणी हात लावलाय का, आणि मग तुम्ही तिघांनी आपापसात काय ते ठरवायचं, कोणाची गाडी, कोणाचा डॉक्टर, कोणाचं डिझेल. ते मला ठरवायला लावू नका. आणि चोवीस तासात माणूस आला पाहिजे, कारण फेब्रुवारीच्या उन्हात माकड तीन दिवस थांबत नाही, कोल्हा तर अजिबात थांबत नाही.

दुसरं, नमुना घेतलात तर निकाल गावात सांगा. मागे एकदा वरच्या वाडीतून नमुना नेला होता, त्याचं काय झालं ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही. निगेटिव्ह आला असेल तर तसं सांगा, लोक सुटकेचा श्वास टाकून कामाला लागतील. पॉझिटिव्ह आला तर सांगा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आशाताईंना सांगा, त्या घरोघर सांगतील. घबराट होईल असं म्हणून दाबून ठेवू नका, घबराट माहितीने होत नाही, अर्धवट माहितीने होते. आमच्याकडे एका माणसाने माकड मेलं म्हणून वर्षभर केळी खाल्ली नाहीत. पण पातेरा ओढायला तो अनवाणी जायचा, त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

पातेऱ्याचं जरा नीट समजून घ्या, कारण शहरातून आलेले साहेब भाषणात सांगतात की जंगलात जाऊ नका. अहो, जंगलात कोण जातंय? जानेवारी ते एप्रिल आमच्या बायका बागेत आणि बाजूच्या रानात पातेरा झाडून ओढून आणतात, गोठ्यात घालायला, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला. त्याच महिन्यात काजूची बी जमिनीवरून वेचायची, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळून बी वेगळी करायची, तासन् तास खाली बसून. आणि त्याच महिन्यात त्या तिळाएवढ्या गोचिडी पातेऱ्यात बसलेल्या. कॅलेंडर जुळवून केल्यासारखं आहे. शिमोग्याकडे अभ्यास झालाय त्यात हेच दिसलं, की धोका घनदाट जंगलाच्या पोटात नाही, तर जिथे रान, बागा, शेत आणि गुरं एकमेकांत मिसळलेली आहेत तिथे जास्त. आमचा तालुका बघा, एका बाजूला तिळारीचं रान, मधे काजू, आणि रान कापून लावलेल्या रबराच्या बागा. रबर लावणाऱ्यांना परवानगी देताना गोचिडीला कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे "जाऊ नका" नको, "जाताना काय करा" ते सांगा, आणि वेळेत सांगा. कर्नाटकात गोचीड लांब राहावी म्हणून अंगाला लावायला डेपा तेल वाटतात, आमच्याकडे काय वाटायचं ते तुम्ही ठरवा पण नोव्हेंबरमधे वाटा, गमबूट द्या, एप्रिलमधे येऊन फोटो काढू नका, एप्रिलपर्यंत आमची बी पोत्यात गेलेली असते.

लसीचं विचाराल तर ती कर्नाटकात होती, जुनी. दोन डोसने ६२ टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टर घेतल्यावर ८३ च्या आसपास संरक्षण मिळतं असं एका अभ्यासात निघालं होतं, पण पुढे परिणाम दिसेना म्हणून २०२२ मधे ती बंद केली. नवीन लसीवर काम चालू आहे असं वाचतो. येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आमच्याकडे वेळेआधी कळायचा मार्ग एकच, माकड. बऱ्याच वेळा माणसाच्या आधी ते पडतं.

आणि एक गोष्ट, जी लिहिली तर गावातले लोक मला शिव्या देतील. माकडांचा त्रास आम्हाला आहेच, मी काही प्राणीमित्र वगैरे नाही, माझे शहाळी, केळी, पपया, सगळं नासवतात, गेल्या वर्षी घराची कौलं फोडली. माकडं पकडून लांब सोडा अशी मागणी गावागावात आहे आणि मी पण एका निवेदनावर सही केली होती. आता ती सही मागे घेतो. कारण पकडलेलं माकड एकटं जात नाही, अंगावरच्या गोचिडी घेऊन जातं, आणि तुम्ही त्याला जिथे नेऊन सोडणार तिथे व्हायरस अजून पोचला नसेल तर तुम्हीच गाडीने पोचवला असं होईल. व्हायरस पन्नास वर्षांत जेवढा सरकला तेवढा एका रात्रीत. पकडायचीच असतील तर आधी तपासा, अंगावरच्या गोचिडी काढा, रक्त घ्या, मग काय ते करा. निदान त्या निमित्ताने तरी काही चिठ्ठ्या गोळा होतील.

माझ्याकडून मी काय केलं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं पत्र लिहितो. जिथे माकड पडलं होतं तिथे चुना लावून चार दगड ठेवलेत. दोरीने मोजून भोवती काठ्या रोवल्या आणि लाल फडकी बांधली, त्या आतली बी यंदा वेचली नाही, तिथला पातेरा पण तसाच आहे, गुरं दुसऱ्या बाजूला बांधतो. औषध मारलेलं नाही, कोणतं मारायचं आणि किती हे मला कोणी सांगितलेलं नाही, अंदाजाने मारून ओहोळात विष घालायचं नाही म्हणून थांबलोय.

आणि एक वही केलीय. आमच्या बागेत केलड्यांची एक टोळी येते, वर्षानुवर्षं तीच, एक नर आहे त्याचा डावा कान फाटलेला, त्यामुळे ओळखायला सोपी. जानेवारीत चौदा होती. ते एक मेलं, म्हणजे तेरा राहायला पाहिजेत. परवा लाल फडक्यांच्या आत बसून पडलेले बोंडू खात होती, आम्ही वेचत नाही ना, त्यांची चैन आहे. तीन वेळा मोजली. अकराच भरली. कान फाटलेला होता, पण एक पोरवाली मादी दिसली नाही. मी आत गेलो नाही, काठीच्या बाहेरूनच बघितलं. तारीख, वेळ, आकडा, सगळं वहीत आहे, कोणाला पाहिजे असेल तर या, किंवा फोन करा, मी उचलतो.

आपला,
एक काजूवाला
तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग